घोड्याच्या पायावर आलेली गाठ हाताने कशी ओळखायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षांची मारवाडी घोडी. दोन महिन्यांपासून तिला वरातीत नाचायला शिकवणं सुरू आहे. दहा दिवसांपूर्वी डाव्या पुढच्या पायाला, आतल्या बाजूने, गुडघ्याखाली चार बोटांवर बोराएवढी टणक गाठ आली. मागच्या दोन्ही पायांना फेटलॉकच्या, म्हणजे नळीच्या लांब हाडाखालच्या गोल सांध्याच्या, जरा वर मऊ फुगवटे आहेत. ते कधीपासून आहेत हे सांगता येत नाही. घोडी लंगडत नाही, चंदी नीट खाते. नालबंदाने डागणी द्यायला सांगितलं आहे. ही गाठ कसली, आणि डागावं का?

डागू नका. हे पहिल्यांदा सांगतो, कारण बाकीचं सावकाश वाचता येईल, पण एकदा जळालेलं कातडं पूर्वीसारखं होत नाही. तुमच्या वर्णनावरून पुढच्या पायाची गाठ बहुधा ‘स्प्लिंट’ आहे. घोडेबाजारात तिलाच बेरहड्डी म्हणतात. बेर म्हणजे बोर. तुम्ही दिलेली उपमा त्या नावातच आहे. मागच्या पायांचे फुगवटे बहुधा ‘विंडगॉल’. दोन्हींचं निदान बरोबर असेल तर काळजीचं फारसं कारण नाही. पण यातला ‘बहुधा’ काढून टाकायचा तर पाय हाताने चाचपावा लागतो, आणि त्यातलं बरंचसं काम तुम्ही आणि तुमचा मोतद्दार, म्हणजे घोडीची देखभाल करणारा माणूस, मिळून करू शकता.

तपासायचं कसं

घोडी सकाळी, व्यायामाच्या आधी, सपाट आणि टणक जमिनीवर चारही पायांवर सारखं वजन देऊन उभी करा. बांधून ठेवू नका, मोतद्दाराने समोर दोरी धरून उभं राहावं. हात थेट पायाला लावू नका. खांद्यावरून किंवा पुठ्ठ्यावरून सरकवत खाली आणा. जमिनीवर बसू नका, गुडघाही टेकू नका, नुसतं वाका. शांत घोडीसुद्धा दुखऱ्या जागेवर बोट पडलं की पाय झटकते.

आधी तळहाताच्या मागच्या बाजूने ऊब बघा. डावा पाय आणि उजवा पाय, तीच जागा, लगोलग. पाय नुकताच उन्हात होता, किंवा त्यावर पट्टी होती, तर अर्धा तास थांबून पुन्हा बघा. दुखापतीची ऊब तेवढ्यात जात नाही.

मग गाठ दाबा. ती हाडासारखी टणक आणि जागची न हलणारी आहे, रबरासारखी आहे, की पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी? अंगठ्याने दहा सेकंद दाबून सोडल्यावर खड्डा राहतो का? खड्डा राहिला तर ती कातड्याखालची पाण्याची सूज, तिथे गाठ अशी काही नाही. कातडं गाठीवरून सरकतं की गाठीला चिकटलेलं आहे, हेही बघा. कातडं सरकत असेल तर गाठ त्याच्या खालच्या कशाची तरी आहे.

यानंतर पाय उचलून घ्या. पायावर वजन असताना शिरा (रक्तवाहिन्या नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) ताणलेल्या असतात आणि दुखरी जागा सापडत नाही. नळीच्या मागच्या बाजूला अंगठा एकीकडे, दोन बोटं दुसरीकडे ठेवून गुडघ्यापासून खाली बोटभर अंतराने चाचपत या. तिथे एकामागे एक तीन दोऱ्या लागतात. कातड्यालगतची पहिली, तिच्या पुढे दुसरी (या दोन्ही स्नायूंच्या शिरा), आणि नळीच्या हाडाला लागून तिसरी, सस्पेन्सरी लिगामेंट (फेटलॉकला आधार देणारा चिवट पट्टा), जी खाली फेटलॉकजवळ दोन फाट्यांत विभागते. निरोगी पायात तिन्हींच्या कडा वेगवेगळ्या आणि धारदार लागतात, ताणलेल्या सुतळीसारख्या. जिथे कड पुसट होते, दोरी जाड किंवा पिठासारखी मऊ लागते, किंवा घोडी त्याच जागी लागोपाठ तीनदा पाय ओढून घेते, तिथे खूण करा. एकदा ओढणं ही गुदगुली असू शकते.

शेवटी खुरापाशी या. फेटलॉकच्या मागे दोन्ही बाजूंना नाडी लागते. निरोगी घोड्यात ती जेमतेम कळते. एका पायाची ठणठणीत उडत असेल तर मूळ दुखणं खुरात आहे, गाठ वर दिसत असली तरी. नाल मारताना खिळा जिवंत भागात गेला आणि आत पू झाला की सूज बघता बघता फेटलॉकच्या वर चढते, आणि लोक सुजेवर लेप लावत बसतात. खूर तपासल्याशिवाय पायाची सूज तपासून झाली असं म्हणू नये.

घोडी टणक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवून बघा. ‘लंगडत नाही’ हे बहुतेक वेळा चालीवरून सांगितलेलं असतं, आणि स्प्लिंटचं लंगडणं चालीत दिसत नाही, दुडकीत दिसतं. पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. मोतद्दाराने दोरी आखूड धरली तर हे कळणारच नाही, म्हणून ती सैल सोडायला सांगा.

तापमान गुदद्वारात तीन मिनिटं थर्मामीटर ठेवून घ्यायचं. शेपटीला दोरीने बांधलेला असला म्हणजे आत जात नाही की पडत नाही. घोड्याचं नेहमीचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असतं. उभ्या घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४. गाठीबरोबर ताप असेल तर पुढचं सगळं वाचन थांबवून डॉक्टरांना फोन करा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पुढच्या पायाला गुडघ्याच्या वर आणि मागच्या पायाला हॉकच्या, म्हणजे त्या पायाच्या टोकदार सांध्याच्या, खाली, आतल्या बाजूने, खडबडीत शिंगासारखी चकती असते. फेटलॉकच्या मागे केसांच्या झुपक्यात तसाच छोटा टणक ठोंब असतो. दोन्ही जन्मजात. नवे मालक या चकत्यांना गाठ समजून कापायला निघतात. वाढलेलं पापुद्र्यासारखं आपोआप निघतं, फार तर अंघोळीनंतर मऊ झाल्यावर बोटाने सोलावं.

तुमच्या घोडीची टणक गाठ

नळीचं मुख्य हाड एक, आणि त्याच्या मागे आत-बाहेर दोन बारीक हाडं, वर जाड आणि खाली निमुळती होत जाणारी. लहान वयात ती मुख्य हाडाला चिवट धाग्यांनी जोडलेली असतात. वय वाढेल तसे ते धागे हाडात बदलतात. दोन ते पाच वर्षांच्या घोड्याला टणक जमिनीवर हादरे बसले की हे धागे ताणले जातात, हाडावरचा पापुद्रा सुजतो आणि शरीर तिथे नवं हाड घालतं. गाठ म्हणजे ते नवं हाड. ती आतल्या बाजूला जास्त येते, कारण आतलं बारीक हाड गुडघ्याचं वजन जास्त थेट झेलतं. तुमची घोडी मागच्या पायांवर उठते आणि पुढचे पाय डांबरावर किंवा फरशीवर आपटत उतरते. चार वर्षांच्या हाडांना हा मारा सोसत नाही.

आता खात्री करायची. गाठ हाडाला घट्ट, नळीच्या आतल्या कडेवर आणि वरच्या अर्ध्यात असेल, तर स्प्लिंट. पाय उचललेला असताना गाठीच्या मागे अंगठा घालून बघा: गाठ आणि सस्पेन्सरी लिगामेंट यांच्यामध्ये फट लागायला हवी. नवं हाड मागे वाढून लिगामेंटवर घासत असेल तर घोडी जोरात पाय ओढेल, आणि मग हे दुखणं लांबणारं आहे. गाठ अगदी गुडघ्याला लागून असेल तर तीही जास्त जपावी लागते. खालच्या तिसऱ्या भागात, बारीक हाडाच्या टोकाकडे असेल, तर हाड मोडल्याची शक्यता धरा. गाठीवर जखम असेल तर कुठेही असली तरी तसंच. तिथे हाडाचा तुकडा मरून पू होत राहू शकतो. या प्रसंगी एक्स-रे लागतो, तोही तिरकस कोनातून, कारण समोरून काढलेल्या फोटोत ही हाडं मुख्य हाडाच्या सावलीत लपतात. मोड लगेच दिसते. नवं हाड दिसायला मात्र दोनेक आठवडे जातात, म्हणून पहिल्या चार दिवसांत काढलेला ‘स्वच्छ’ एक्स-रे फार समाधान मानण्यासारखा नसतो.

दुसरा पाय लागतोय का, हेही बघा. उजव्या खुराच्या आतल्या कडेला खडू फासा, घोडी दुडकी चालवा, आणि डाव्या पायाच्या गाठीवर पांढरा डाग उमटतो का बघा. उमटला तर कारण सापडलं. नाल बसवताना आतली कड आत घेऊन गुळगुळीत करायला सांगा आणि कामाच्या वेळी पायाला संरक्षक बूट घाला. हे न करता विश्रांती दिली तर काम सुरू झाल्यावर गाठ परत सुजेल.

गाठ अजून उबदार आणि दुखरी असेल तर दिवसातून दोन-तीनदा, पंधरा ते वीस मिनिटं, पाइपने थंड पाणी सोडा. बर्फ लावायचा तर फडक्यात गुंडाळून. तेल चोळू नका, टर्पेंटाइन किंवा झोंबणारा मलम लावू नका. ताज्या सुजेला चोळणं म्हणजे हाडाला आणखी हाड घालायला सांगणं. नाच चार ते सहा आठवडे पूर्ण बंद. मऊ मातीवर हातात धरून सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं चालवा. दुखणं आणि सूज कमी करणारं औषध, साधारणपणे मेलोक्झिकॅम किंवा फिनाइलब्युटाझोन, डॉक्टर वजनावरून ठरवतील. औषध देऊन घोडी कामाला जुंपणं हा मात्र तिच्यावर अन्याय आहे. दुखणं लपतं, नवं हाड वाढत राहतं. डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर २००६ पासून बंदी आहे, किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर २०२३ पासून, कारण मेलेल्या जनावराचं मांस खाणारी गिधाडं त्याने मरतात. कुणी माणसांचं इंजेक्शन आणून टोचतो म्हणाला तर नाही म्हणा.

खुराकाकडेही नजर टाका. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या सुमारे नऊ-दहा पट फॉस्फरस असतो. तरुण घोडीला रोज पाटीभर कोंडा दिला की शरीर कॅल्शियम हाडांमधून ओढतं आणि हाडं कच्ची राहतात. कोंडा मूठभरावर आणा, लसूणघास वाढवा. एकूण खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट तरी असावं.

डागणीबद्दल. लोकांना ती लागू पडते असं वाटतं, त्याचं कारण साधं आहे: डागलेला घोडा महिना-दोन महिने कामाला घेता येत नाही, आणि तेवढ्या विश्रांतीत गाठ तशीही शांत होते. श्रेय विस्तवाला मिळतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या पशुवैद्यकांनी शिरांच्या दुखापतींवर डागणी तपासून पाहिली आणि १९८३ साली तिचा उपयोग होत नाही असं मांडलं. तुमच्या घोडीची गाठ दुखायची थांबेल आणि काही महिन्यांत बरीच आटेल. थोडी कायम राहील. ती दिसायला आहे, चालायला अडचण नाही.

मागचे मऊ फुगवटे

फेटलॉकच्या वर दोन वेगळ्या पिशव्या फुगतात आणि दोन्हींना विंडगॉल म्हणतात. नळीचं हाड आणि सस्पेन्सरी यांच्यामध्ये फुगवटा असेल तर तो सांध्याच्या पाण्याचा. सस्पेन्सरीच्या मागे, शिरांच्या बाजूने लांबट असेल तर तो शिरांच्या आवरणाचा. एका बाजूला दाबा, दुसऱ्या बाजूला बोटाखाली फुगतो का बघा. दोन्ही पायांना सारखे, थंड, न दुखणारे, आणि फेटलॉक वाकवल्यावर घोडी तक्रार करत नसेल, तर ते कामाचे वळ समजा. माथेरानच्या दगडी चढ-उतारांवर चालणाऱ्या घोड्यांत किंवा टांग्याच्या घोड्यांत असे पाय नेहमी दिसतात. एकाच पायाला अचानक आले, गरम आहेत, किंवा फेटलॉकच्या मागे दोरी बांधल्यासारखी खाच पडून तिच्यावर फुगा आला, तर सोनोग्राफी करून घ्या.

सुईने पाणी काढून देतो म्हणणारा कुणीतरी भेटतोच. त्याला हात लावू देऊ नका. पाणी चार दिवसांत परत भरतं, आणि सुईबरोबर जंतू सांध्यात गेले तर घोडी कायमची जाते.

नाचणाऱ्या घोडीचा हॉक दर आठवड्याला तपासत जा. मागच्या दोन पायांवर सगळं वजन पेलण्याची किंमत तिथे वसूल होते. हॉकच्या पुढे आतल्या बाजूला मऊ, मोठा फुगवटा आणि मागे आत-बाहेर दोन छोटे, एक दाबला की बाकीचे फुगतात: हा सांध्यात पाणी झाल्याचा प्रकार, बाजारात ज्याला मोतरा म्हणतात. टोकाच्या वर, मोठ्या शिरेच्या पुढच्या खळग्यात, आरपार ढकलता येणारा फुगा असेल तर तो शिरेच्या आवरणाचा, सांध्याचा नव्हे. हॉकच्या मागे, टोकाखाली वीतभराच्या आत बाजूने पाहिल्यावर रेष सरळ न राहता बाहेर फुगलेली दिसली तर ताण लिगामेंटवर किंवा शिरेवर आला आहे. लगेच नाच थांबवा. आणि आतल्या बाजूला अगदी खाली हाडासारखा उंचवटा आला, म्हणजे हड्डा, तर ती सांध्याची झीज. हड्ड्याची परीक्षा अशी: हॉक मिनिटभर घडी करून वर धरा, सोडल्याबरोबर दुडकी चालवा. पहिल्या पाच-सहा पावलांत लंगडली तर सांधा दुखतोय.

हॉकच्या अगदी टोकावर किंवा पुढच्या पायाच्या कोपरावर चेंडूसारखी मऊ गाठ आली तर कारण तबेल्यात शोधा. फरशी उघडी आहे, अंथरूण कमी आहे, घोडी भिंतीला लाथा मारते, किंवा ट्रकमधून नेताना फाळक्याला घासली. कोपरावरची गाठ बसताना नालेची टाच टोचल्याने येते. वीतभर जाड भुसा किंवा पेंढा घातल्याशिवाय कुठलंही औषध टिकणार नाही.

शिरेची सूज, जी सगळ्यात जास्त फसवते

नळीच्या मागची रेष बाजूने पाहिल्यावर सरळ हवी. तिथे केळ्यासारखा बाक आला तर शीर फाटली आहे. पहिले काही दिवस ऊब आणि लंगडणं असतं, मग थंड पाणी, औषध आणि विश्रांतीने आठवड्याभरात घोडी सरळ चालू लागते. इथेच घात होतो. लंगडणं गेलं तरी फाटलेले धागे भरलेले नसतात. शीर भरून यायला नऊ ते बारा महिने लागतात. पंधराव्या दिवशी वरातीत नेलेली घोडी अर्धवट भरलेली शीर पुन्हा फाडून घेते, आणि दुसऱ्या वेळची फाट पहिल्यापेक्षा लांब असते. सोनोग्राफी दुखापतीनंतर साधारण आठवड्याने करावी, कारण फाट पहिल्या दिवसांत पुरती दिसत नाही आणि वाढत जाते. त्यानंतर काम वाढवायच्या प्रत्येक टप्प्याआधी पुन्हा.

पट्टी आवळून बांधल्यानेही अशीच सूज येते. पट्टीखाली कापसाचा किंवा नमद्याचा जाड थर हवा, ताण सगळीकडे सारखा हवा, गाठ शिरेवर येता कामा नये. बांधल्यावर वरच्या कडेत एक बोट सरकलं पाहिजे. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा कुठल्याही बाजारात घोडा घ्यायला जाल तेव्हा पायावरची पट्टी सोडायला लावा आणि चिखल, मेंदी धुवून बघा. जो सोडू देत नाही त्याचा घोडा घेऊ नका.

अख्खा पाय सुजला असेल तर

मागचे दोन्ही पाय सकाळी सारखे सुजलेले, थंड, दाबल्यावर खड्डा पडणारे, आणि अर्धा तास चालवल्यावर उतरणारे: हे उभं राहून राहून साचलेलं पाणी. लग्नसराई संपल्यावर बांधून ठेवलेल्या घोड्यांत हमखास. रोज फिरवा, काम नसलेल्या दिवसात चंदी कमी करा.

एकच मागचा पाय रात्रीत दुप्पट-तिप्पट, गरम, हात लावू न देणारा, आणि ताप ३९ च्या वर: हा कातड्याखालचा जंतुसंसर्ग. सुरुवात नखाएवढ्या खरचटण्यातून किंवा पावसाळ्यात पेस्टर्नच्या (फेटलॉक आणि खूर यांच्यामधल्या भागाच्या) मागे चिखलाने फुटलेल्या खपल्यांतून होते. त्याच दिवशी प्रतिजैविक हवं. दोन दिवस गेले तर पाय कायमचा जाड राहतो.

चारही पाय आणि पोटाखाली थंड सूज, मधूनमधून येणारा ताप, खात असूनही खंगणारी घोडी, डोळ्यांच्या आतली त्वचा फिकट किंवा पिवळी: हे दुखणं रक्तातलं आहे. गोमाश्यांमुळे पसरणारा सर्रा आणि गोचिडांमुळे होणारा रक्तातला परजीवी या दोन्हींसाठी रक्त तपासा, शक्यतो ताप असताना काढलेलं. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत हे आधी मनात यायला हवं. पायाला लेप लावून सर्रा बरा होत नाही.

कातड्यावरच्या गाठी

गुडघ्याखालची किंवा हॉकखालची जखम भरताना लालसर मांस कातड्याच्या वर फुगून येतं. त्यात संवेदना नसते, स्पर्श झाला की रक्त येतं. मोरचूद लावायची पद्धत आहे. तिने मांस जळतं खरं, पण कडेने येणारं नवं कातडंही जळतं आणि जखम महिनोन्‌महिने उघडी राहते. डॉक्टरांकडून ते कातड्याच्या पातळीला छाटून घ्या आणि बँडेज ठेवा.

पावसाळ्यात जखम भरायची सोडून खाजरी, दाणेदार होत गेली आणि त्यात पिवळे तांदळासारखे कण दिसले, तर माश्यांनी जखमेत सोडलेल्या पोटातल्या जंतांच्या अळ्या आहेत. याला आपल्याकडे बरसाती म्हणतात, आणि इंग्रजांच्या काळातल्या पशुवैद्यकांनी हाच शब्द उचलून आपल्या लिखाणात वापरला. घोडी तळ्यात, डबक्यात उभी राहत असेल, जखम आठवड्याभरात बशीएवढी झाली आणि तिच्यातून पोवळ्यासारखे खडबडीत, करडे-पिवळे खडे निघत असतील, तर तो वेगळा आणि जास्त वाईट आजार, पिथिओसिस. त्या खड्यांना ‘कंकर’ म्हणतात. तिथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो, कारण लवकर आणि मुळापासून कापून काढलं तरच आशा असते. एक खडा स्वच्छ बाटलीत घालून डॉक्टरांना दाखवा.

चामखिळीसारखी, कधी सपाट, कधी मांसल, हळूहळू वाढणारी गाठ सारकॉइड, म्हणजे कातड्याचा ट्यूमर, असू शकते. तिला दोरा बांधणं, चुना लावणं, ओरबाडणं बंद ठेवा. डिवचलेला सारकॉइड दुप्पट वेगाने वाढतो.

आता ज्याबद्दल मुद्दाम थांबून लिहायचं ते. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, सुजून दोरीसारख्या झालेल्या लसिकावाहिनीवर, माळेतल्या मण्यांसारख्या ओळीने गाठी आल्या, त्या फुटून खोलगट व्रण झाले आणि मधासारखा चिकट, तेलकट पू येऊ लागला, तर ग्लँडर्स (जंतूंमुळे होणारा घातक संसर्गजन्य रोग) समजून वागा. सोबत नाकातून घट्ट स्राव असेल, जबड्याखाली गाठ असेल तर संशय आणखी पक्का. बुरशीने होणाऱ्या एका आजारातही अशाच माळा दिसतात, पण ते प्रयोगशाळेने ठरवायचं, आपण नजरेने नाही. ग्लँडर्स माणसाला होतो आणि जीव घेतो. गाठ फोडू नका, उघड्या हाताने पू पुसू नका. घोडा वेगळा बांधा, त्याची बादली, खरारा, लगाम इतरांना वापरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९ च्या केंद्रीय कायद्याने ते बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. निदान पक्कं झालं तर घोड्याला वेदनारहित मरण द्यावं लागतं आणि मालकाला सरकारी भरपाई मिळते. घोडा लपवून दुसऱ्या जिल्ह्यात विकणाऱ्याने मोतद्दाराच्या घरातल्या लेकरांचा जीव टांगणीला लावलेला असतो.

ज्याला सकाळची वाट बघायची नाही

सांध्याजवळची जखम, मग ती खिळ्याएवढी का असेना. तिच्यातून फिकट पिवळा, चिकट द्रव येतोय का बघा. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घेऊन बोटं लांब केली आणि तार निघाली, तर ते सांध्याचं वंगण आहे, म्हणजे सांधा उघडा पडला आहे. पहिल्या काही तासांत सांधा धुऊन निघाला तर घोडी वाचते. भोकात हळद, चुना, पावडर, काही भरू नका. स्वच्छ कापड बांधा आणि निघा. पाय अजिबात न टेकणारा घोडा, हाड मोडलं की खुरात पू झाला हे घरी ठरवू नये. तपासणी होईपर्यंत त्याला एक पाऊलही चालवू नका. शिंगराचा एखादा सांधा सुजून गरम झाला तर ‘आईने पाय दिला असेल’ असं म्हणून सोडू नका. नाळेतून शिरलेला संसर्ग असतो आणि एका दिवसात सांधा नासतो. आणि जखम कसलीही असो, धनुर्वाताची लस केव्हा दिली हे आठवत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही.

तुमच्या घोडीपुरतं आता असं करा. आज दोन्ही पुढच्या पायांचे फोटो एकाच अंतरावरून, समोरून आणि बाजूने काढा. शिवणकामाच्या टेपने गाठीच्या जागी नळीचा घेर मोजा. नेमकी जागा परत सापडावी म्हणून तिथले केस कात्रीने चिमूटभर कातरा. उजव्या पायाचाही घेर त्याच उंचीवर घ्या. दर चार दिवसांनी, सकाळी, हेच. घेर वाढत असेल, दोन आठवड्यांनंतरही दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुडकीत डोकं हलत असेल, तर एक्स-रे काढा. घेर स्थिर आणि दुखणं बंद असेल तर चौथ्या आठवड्याच्या शेवटी मातीवर दहा मिनिटं दुडकी सुरू करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, आणि प्रत्येक वाढीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाठीला हात लावून बघा. ऊब परत आली तर एक आठवडा मागे या. मागच्या पायांवर उठवायला दोन महिन्यांच्या आत सुरुवात करू नका, आणि केली तरी डांबरावर नाही.